'येस मिनिस्टर' पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी : कुठून सुरू करावं, कसं बघावं, कुठे अडकायला होतं

कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर दोन मिनिटांची क्लिप पाठवतं. सूटबूटातला एक साहेब श्वासही न घेता एक लांबलचक वाक्य बोलतो, समोरचा मंत्री बावचळून बघत राहतो आणि प्रेक्षक हसतात. गंमत आवडते म्हणून आपण अख्खी मालिका शोधून लावतो. पहिल्याच भागात पदनामांचा असा मारा होतो की पंधराव्या मिनिटाला रिमोट हातात येतो. ओळखीच्या कितीतरी जणांचं असं झालेलं पाहिलंय, म्हणून हा लेख.

मालिका आहे 'येस मिनिस्टर'. बीबीसी टूवर तिचा पहिला भाग 25 फेब्रुवारी 1980 रोजी लागला. लेखक अँटनी जे आणि जोनाथन लिन. सगळं घडतं ते लंडनमधल्या एका सरकारी खात्याच्या कार्यालयात. नवा मंत्री जिम हॅकर, खात्याचा मुरलेला सचिव सर हंफ्री अ‍ॅपलबी आणि दोघांच्या मध्ये सापडलेला बर्नार्ड वुली, अशी तीन माणसं. पाठलाग नाहीत, प्रेमप्रकरणं जवळजवळ नाहीत. टेबल, खुर्च्या, फायली आणि बोलणं. माझे वडील मंत्रालयात कक्ष अधिकारी होते, त्यामुळे आमच्या घरी ही मालिका विनोदी म्हणून कमी आणि माहितीपट म्हणून जास्त बघितली गेली.

जवळ काय हवं

- इंग्रजी सबटायटलं. ही अट समजा.
- रोज अर्धा तास. बहुतेक सगळे भाग तेवढेच आहेत.
- खालची पदांची उतरंड, कागदावर उतरवलेली किंवा मोबाईलमध्ये.
- शक्य असेल तर सरकारी नोकरी केलेलं घरातलं एखादं माणूस. काका, मावशी, निवृत्त शेजारी, कुणीही चालेल. हे माणूस तुमच्या आधी हसतं आणि मग का हसलं ते सांगतं.

1. आधी कोण कुणाचं ऐकतं ते समजून घ्या

ही पायरी गाळू नका. मालिकेतला निम्मा विनोद इथेच आहे.

खातं काल्पनिक आहे : प्रशासकीय व्यवहार खातं. इतर खात्यांचा कारभार नीट चालतो का हे बघणं हे त्याचं काम, म्हणजे कागदावर कागद. हॅकर विरोधी पक्षात असताना शेतीवर बोलायचा आणि मिळालं हे. तो निवडून आलेला आहे, त्याला पेपरात नाव यायला हवंय आणि पुढच्या फेरबदलात खुर्ची टिकायला हवीय.

सर हंफ्री हा खात्याचा कायम सचिव. आपल्याकडे मंत्रालयात विभागाचा सचिव किंवा अपर मुख्य सचिव असतो, साधारण त्या जागी. सरकारं येतात जातात, हा राहतो. आपली सनदी सेवा ब्रिटिशांनीच घालून दिलेल्या वळणावर चालत असल्यामुळे हे नातं आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. त्याच्या वर सर अरनॉल्ड रॉबिन्सन, कॅबिनेट सचिव. हे दोघे क्लबात निवांत बसून पेय घेताना दिसले की समजा, मंत्र्याचं काहीतरी ठरतंय आणि ते मंत्र्याला शेवटी कळणार आहे.

खरी गफलत होते ती बर्नार्डच्या बाबतीत. तो मंत्र्याचा प्रमुख खासगी सचिव. हे वाचलं की आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो मंत्र्यानं स्वतः निवडलेला, मतदारसंघातली माणसं सांभाळणारा, साहेबांच्या शब्दाबाहेर नसणारा माणूस. बर्नार्ड तसा नाही. तो सनदी नोकर आहे, हॅकर यायच्या आधीपासून खात्यात आहे आणि हॅकर गेल्यावरही नोकरीत राहणार आहे. त्याची बढती हंफ्रीच्या हातात. आपल्या भाषेत सांगायचं तर दिवसभर तो मंत्र्याच्या दालनात बसतो, पण त्याचा गोपनीय अहवाल हंफ्री लिहितो. एवढं डोक्यात ठेवलंत की तो प्रत्येक प्रश्नाला अर्धं उत्तर का देतो, दोघं समोर असले की त्याची नजर कुणाकडे जाते, हे सगळं उलगडतं.

आपल्या ओळखीचा तो 'साहेबांचा माणूस' मालिकेत वेगळाच आहे : फ्रँक वायझेल, हॅकरचा राजकीय सल्लागार. त्याच्या आडनावाचा उच्चार सगळे अधिकारी 'वीझल' या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या नावासारखा करतात आणि तो दरवेळी दुरुस्त करत बसतो. खात्यात त्याला कोणी विचारत नाही. पहिल्या पर्वानंतर तो गायब होतो. का, ते बघालच.

पहिल्या भागात हंफ्री ही सगळी उतरंड एका दमात म्हणून दाखवतो : स्वतःचं पद, बर्नार्डचं पद, मग हाताखालचे 10, त्यांच्या हाताखालचे 87, त्यांच्याही हाताखालचे 219 अधिकारी, आणि प्रत्येकाच्या पदनामात सचिव. मंत्री त्यावर एक अगदी साधा प्रश्न विचारतो. तो प्रश्न इथे फोडत नाही, पण इथे हसू आलं तर मालिका तुमच्यासाठी आहे.

2. बरोबर मालिका शोधा

ओटीटीवरचे हक्क सारखे हात बदलतात, तेव्हा अमुक ठिकाणी बघा असं लिहून ठेवण्यात अर्थ नाही. शोधताना तीन गोष्टी लक्षात असू द्या.

नावं दोन आहेत. 'येस मिनिस्टर' आणि नंतरची 'येस, प्राइम मिनिस्टर'. शोधपट्टीत दोन्ही वेगवेगळी टाका, कारण काही ठिकाणी एकच असते.

दुसऱ्या नावाची एक मालिका 2013 मध्येही आली. लेखक तेच, नट वेगळे, भाग फक्त सहा. ती चुकून आधी लागली तर मूळ मालिकेबद्दल उगाच गैरसमज होईल. वर्ष तपासा : 1986 पाहिजे. नटांमध्ये पॉल एडिंग्टन, नायजेल हॉथॉर्न आणि डेरेक फाउल्ड्स ही तीन नावं दिसली की निर्धास्त.

आणि जुन्या डीव्हीडीचा संच कुणाकडे असेल तर मागून आणा. त्यात सगळं एकत्र मिळतं.

3. सबटायटलं लावा आणि कानांनी बघा

आपलं इंग्रजी चांगलं आहे, सबटायटलं कशाला, असं वाटेल. हंफ्रीचं एक वाक्य ऐका, मग बोलू.

त्याची पद्धत अशी. मंत्र्यानं सरळ प्रश्न विचारला की हंफ्री नाही म्हणत नाही. तो वाक्याला सुरुवात करतो, त्यात एक पोटवाक्य घालतो, त्या पोटवाक्याला एक अट लावतो, अटीला अपवाद जोडतो आणि पूर्णविराम येईपर्यंत मंत्री आपला प्रश्न विसरलेला असतो. ज्यांनी जुने शासन निर्णय वाचलेत, 'संदर्भाधीन पत्रान्वये'पासून सुरू होऊन अर्ध्या पानानंतर क्रियापद गाठणारे, त्यांना हा प्रकार अनोळखी नाही. हंफ्री तेच तोंडी करतो आणि तेही एका सुरात, चेहऱ्यावरची रेषा न हलवता. नायजेल हॉथॉर्नला या भूमिकेसाठी चार वेळा बाफ्टा पुरस्कार मिळाला. एकदा फक्त त्याच्या श्वासाकडे लक्ष देऊन बघा म्हणजे का ते कळेल.

अशा वाक्यांसाठी माझी युक्ती सांगते. पहिल्यांदा अर्थ लावायचा प्रयत्नच करू नका. वाक्य वाहू द्या आणि हॅकरचा चेहरा बघा, कारण लेखकांनी विनोद तिथे ठेवलाय. मग मागे जा, सबटायटल थांबवून वाचा. तेव्हा लक्षात येतं की वाक्य निरर्थक नाही. व्याकरण चोख असतं, माहिती खरी असते आणि बहुतेक वेळा हंफ्रीनं त्यात प्रामाणिकपणे सगळं कबूलही केलेलं असतं. आपल्या गळ्याशी आलेली चूकसुद्धा तो सांगून टाकतो, फक्त ऐकणाऱ्याला कळणार नाही अशी.

लांब वाक्यांपेक्षा घातक असतात ते छोटे शब्द. मंत्र्याचा एखादा बेत हंफ्रीला 'वादग्रस्त' वाटला, तर अर्थ एवढाच की थोडी मतं जातील. पण त्यानं मंत्र्याला 'धाडसी' म्हटलं की समजावं, निवडणूकच गेली. हे एकदा कळलं की पुढे कौतुकाचा शब्द आला की हॅकरसोबत आपल्याही पोटात गोळा येतो.

बर्नार्डचं वेगळं. कुणी दोन वाक्प्रचारांची खिचडी केली की त्याला राहवत नाही. मंत्री संकटात असतो आणि हा ती उपमा शब्दशः घेतली तर प्रत्यक्षात कशी जुळत नाही हे समजावत बसतो. काहींना हे कंटाळवाणं वाटतं. मला मालिकेतला सर्वात माणसासारखा माणूस तोच वाटतो.

4. कुठून सुरू करायचं

क्रमानं बघायलाच हवं असं नाही. बहुतेक भाग स्वतंत्र आहेत. तरी पहिला भाग पहिलाच बघा : निवडणूक जिंकलेला हॅकर घरी फोनशेजारी बसून पंतप्रधानांच्या बोलावण्याची वाट बघतोय आणि बायको अ‍ॅनी वैतागलीय. त्यानंतर माझा सल्ला असा.

'बिग ब्रदर', पहिल्या पर्वातला चौथा. कामाची चालढकल कशी करायची याचे पाच टप्पे यात उलगडतात, आणि ते सांगतो कोण, तर आधीच्या सरकारातला याच खात्याचा मंत्री. नवं सरकार आहे, कामं खूप आहेत इथपासून सुरू होऊन आता निवडणूक तोंडावर आलीय इथपर्यंत. घोंगडं भिजत ठेवणं आपल्याला नवं नाही, पण त्याची अशी पायरीवार मांडणी क्वचितच कुणी केली असेल. वडील हा भाग बघताना हसले नाहीत, मान डोलवत राहिले.

'द कम्पॅशनेट सोसायटी', दुसऱ्या पर्वाचा पहिला. नवंकोरं इस्पितळ, शेकडो कर्मचारी, सगळं व्यवस्थित सुरू. पेशंट एकही नाही. आणि हंफ्री त्याचं समर्थन इतकं मुद्देसूद करतो की मधेच आपल्यालाही पटायला लागतं. एकच भाग दाखवून कुणाला नादी लावायचं असेल तर हाच दाखवा.

'द मॉरल डायमेन्शन', तिसऱ्या पर्वात. दारूबंदी असलेल्या एका आखाती देशात ब्रिटिश शिष्टमंडळ मेजवानीला गेलंय. घसा ओला करायचा तर काय करायचं? बाजूच्या खोलीत 'तातडीचे दूरसंदेश' घेण्याची सोय केली जाते आणि मग एकेकाला संदेश येऊ लागतात. यात हॅकरही सामील आहे, तेव्हा हे भोळा मंत्री आणि बेरकी सचिव यांचं गणित नाही हे लक्षात येतं.

'द स्केलेटन इन द कपबर्ड', तिसऱ्या पर्वातलाच. हंफ्रीची तरुणपणची एक चूक फायलीत सापडते आणि पहिल्यांदाच तो हात जोडतो. पण हा पाच-सहा भाग झाल्यावर बघा, आधी बघितलात तर त्याची किंमत कळणार नाही.

'द ऑफिशियल व्हिजिट' मात्र सुरुवातीला नको. आफ्रिकेतल्या काल्पनिक देशाबद्दलचा आहे, चांगला आहे, पण स्कॉटलंडमधल्या पोटनिवडणुकांचा संदर्भ लागल्याशिवाय अर्धा निसटतो.

5. 1980 च्या ब्रिटनबद्दल थोडं

फार अभ्यास नको, चार-पाच गोष्टी पुरेत. ब्रिटन 1973 मध्ये युरोपीय समुदायात सामील झाला होता आणि ब्रसेल्समधल्या अधिकाऱ्यांच्या नियमांवर सगळे वैतागलेले होते. ही चीड मालिकेत सारखी डोकावते. ब्रिटिश सॉसेजला सॉसेज म्हणायचं की नाही, यावरून तर कुणीतरी पंतप्रधान होतं.

'सर' ही पदवी मिळवण्याची अधिकाऱ्यांची धडपड हा आणखी एक विषय. दरवर्षी सन्मानांची यादी निघते आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांना त्यात ठरल्या क्रमानं बढती मिळते. 'डुइंग द ऑनर्स' या भागात हॅकरला हंफ्रीची ही दुखरी नस सापडते.

शिक्षणाचा जातिभेदही आहे. हंफ्री ऑक्सफर्डचा, लॅटिन-ग्रीक शिकलेला. हॅकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा, आणि हे त्याला सभ्य शब्दांत वारंवार ऐकवलं जातं. व्हाइटहॉल असा शब्द आला की लंडनमधल्या त्या रस्त्यावरची सगळी नोकरशाही समजायची, जशी आपण 'मंत्रालय' म्हणताना इमारत म्हणत नसतो.

आणि हो, खोलीत सगळे पुरुष. त्यावर मालिकेनं स्वतःच 'इक्वल ऑपॉर्च्युनिटीज' नावाचा भाग केलाय.

6. इथे फसायला होतं

*हॅकरचा पक्ष शोधत बसणं.* सापडणार नाही. मालिका 1979 च्या निवडणुकीआधीच बनायला घेतली होती, पण ऐन निवडणुकीच्या दिवसांत दाखवायला नको म्हणून बीबीसीनं ती मागे ठेवली. पक्षाचं नाव कुठेही घेतलं जात नाही. पहिल्या भागात हॅकरच्या कोटावर पांढरं फूल आहे, म्हणजे ना कॉन्झर्व्हेटिव्ह निळा, ना लेबर लाल.

*हंफ्रीला खलनायक मानणं.* क्लिपा बघून हीच समजूत होते. आठ-दहा भागांनंतर एक अवघड गोष्ट घडते : काही वेळा हंफ्री बरोबर असतो. मंत्र्याची कल्पना खरंच मूर्खपणाची असते आणि ती फक्त रविवारच्या वर्तमानपत्रासाठी असते. उलट कधी हॅकर बरोबर असतो, पण स्वतःची खुर्ची वाचवायला माघार घेतो. मालिकेची खरी ताकद मला यात वाटते. दोघांनाही एकमेकांची गरज आहे आणि दोघेही हे कबूल करत नाहीत.

*प्रेक्षकांच्या हसण्यावर चिडणं.* आजच्या मालिकांची सवय असलेल्यांना ते खटकतं. हे नंतर चिकटवलेलं हसू समजू नका, चित्रीकरण स्टुडिओत खऱ्या प्रेक्षकांसमोर व्हायचं. एडिंग्टन कधीकधी हशा ओसरेपर्यंत चेहरा तसाच धरून ठेवतो. नाटक बघण्याची सवय असलेल्या मराठी माणसाला ही जागा लगेच ओळखू येईल.

*सगळं काल्पनिक समजणं.* लेखकांनी सत्तेच्या आतल्या वर्तुळात वावरलेल्या माणसांकडून माहिती घेतली होती, त्यात हॅरॉल्ड विल्सन पंतप्रधान असताना त्यांच्या कार्यालयात काम केलेले लोक होते. रिचर्ड क्रॉसमन या मंत्र्याच्या प्रसिद्ध झालेल्या रोजनिशीचाही मोठा उपयोग झाला. मार्गारेट थॅचर तर या मालिकेच्या इतक्या प्रेमात होत्या की जानेवारी 1984 मध्ये त्यांनी एडिंग्टन आणि हॉथॉर्नसोबत मंचावर एक छोटा प्रवेश केला. पंतप्रधान बाई, मंत्री आणि सचिव. तो इंटरनेटवर सापडतो. बघा, पण तो बघून मालिकेबद्दल मत बनवू नका, कारण त्यातला विनोद बेताचाच आहे.

*एका बैठकीत दहा भाग.* नका. प्रत्येक भाग जवळपास 'येस, मिनिस्टर' या एकाच होकारावर संपतो, सलग बघितलं की साचा दिसायला लागतो. दिवसाला एक, फार तर दोन.

7. मग पंतप्रधान

'येस मिनिस्टर'चे 21 भाग, नंतर 1984 च्या नाताळात आलेला तासाभराचा 'पार्टी गेम्स', आणि 1986 ते 1988 दरम्यानचे 'येस, प्राइम मिनिस्टर'चे 16. एकूण 38. क्रम पाळायचाच असेल तर एवढाच पाळा : 'पार्टी गेम्स' दोन्ही मालिकांच्या मधे बघा. हॅकर पुढे काय होतो हे दुसऱ्या मालिकेचं नावच सांगून टाकतं, तेव्हा गुपित असं काही नाही, पण तो तिथे पोचतो कसा हे बघण्यासारखं आहे.

दुसरी मालिका पहिलीइतकी घट्ट नाही असं माझं मत. खात्यातली बारीकसारीक कारस्थानं जाऊन अणुबॉम्ब आणि परराष्ट्र धोरण आलं की हशा थोडा उंचावरून येतो. पण तिच्यातले काही प्रवेश चुकवू नयेत. 'द मिनिस्टेरियल ब्रॉडकास्ट'मध्ये हंफ्री बर्नार्डला सक्तीच्या लष्करी सेवेबद्दल दोन वेळा प्रश्न विचारतो. प्रश्नांची रांग बदलतो आणि बर्नार्ड दोन्ही वेळा उलटसुलट उत्तरं देऊन मोकळा होतो. निवडणूक काळात चॅनेलवर जनमत चाचण्या सुरू झाल्या की हा प्रवेश घरात हमखास लावावा. त्याच भागात भाषणाला कोणता सूट घालायचा याचाही धडा आहे : सांगायला नवं काही असेल तर गडद सूट आणि मागे चामडी बांधणीची पुस्तकं, काहीच नसेल तर आधुनिक फर्निचर आणि अमूर्त चित्रं.

'द की' हाही घ्या. 10, डाउनिंग स्ट्रीटच्या एका दाराची किल्ली हंफ्रीकडे असावी की नसावी, एवढाच प्रश्न. किल्ली गेल्यावर तो माणूस काय काय करतो ते शब्दांत सांगण्यासारखं नाही.

8. संपल्यावर

हिंदीत 2001 मध्ये स्टार प्लसवर 'जी मंत्रीजी' आलं होतं. फारुख शेख मंत्री आणि जयंत कृपलानी सचिव. कथानकं मूळचीच, दिल्लीत बसवलेली. मूळ भाग बघून मग तोच भाग हिंदीत बघायला मजा येते, विशेषतः फारुख शेखचा गोंधळलेला चेहरा. घरात इंग्रजीला नाखूश असणारं कुणी असेल, तर उलट क्रम लावा.

वाचायला आवडत असेल तर लेखकांनीच मालिकेची पुस्तकं केली आहेत, हॅकरच्या रोजनिशीच्या रूपात. मधे बर्नार्डच्या आठवणी, हंफ्रीची टिपणं आणि संपादकांच्या गंभीर चेहऱ्याच्या तळटीपा. हॅकर स्वतःबद्दल काय लिहितो आणि तळटीप काय म्हणते, यातला फरक पडद्यावर दिसत नाही.

आणि ब्रिटिश सरकारी कार्यालयाची चटक लागलीच, तर 2005 पासूनची 'द थिक ऑफ इट' आहे. आर्मांडो इयानुची यांची. तिथे हंफ्रीची जागा सरकारची प्रसिद्धी सांभाळणाऱ्या माणसानं घेतलीय आणि त्याच्या प्रत्येक वाक्यात शिवी आहे, काही वाक्यांत फक्त शिव्याच आहेत. 'येस मिनिस्टर' आजोबांच्या शेजारी बसून बघता येतं. ही मात्र हेडफोन लावून बघा, आणि सबटायटलं दिसतील अशा बाजूला कुणी बसलेलं नाही याची खात्री करून.